पूर्वेची वाट

कुंभिवली,
१४ सप्टेंबर २०२५

साईराजसायेब,

मावशीचा आशीर्वाद, आन वर एक चापट. गणपतीत आलास, अकरा मोदक खाल्लेस, ढेकर दिलास आन गेलास तो गेलासच. फोन करतोस म्हणे. करतोस रं, पण मला ऐकू येतंय का? खोपोलीच्या कारखान्यात बावीस वर्षं पत्रे ठोकणाऱ्या मशीनीशेजारी उभी राहिले, कान तितंच ठेवून आले. संतोष म्हणतो, मोबाईलवर टाईप कर. मी एका अक्षरावर बोट ठेवते तर तीन उमटतात. त्यापरीस पत्र बरं. तूच बोललास ना, "मावशी, तू लिव, मी उत्तर देईन"? आता दे.

माजं डेटा सेंटरातलं झाडूफडकं चालू हाय. तू पुण्याला बसून ज्या हॉलचा नकाशा काढतोस त्याची फरशी मी पुसते. म्हंजे आपण एकाच कंपनीतले, तू खुर्चीत आन मी खाली, एवढाच फरक.

तर मला सांग, तितं नवीन काय शिजतंय? रोज दोन-चार माणसं येतात, डोक्यावरच्या नारंगी केबलींकडं बोट दाखवतात आन माना हलवतात. आसावरी मॅडम, सेंटरच्या मोठ्या, एरवी मला बघून हसायच्या. आता हसत नाईत. संतोषला इचारलं, कारण फरशीखालच्या सगळ्या केबली चार वर्सांमागं त्याच्याच गँगनं टाकल्यात. तर म्हणतो, "आई, तुला काय करायचंय?" आईला काय करायचंय म्हणणाऱ्या पोराच्या पोटात काहीतरी असतं.

सूनबाईला, रियाला म्हणावं, आंबट खाऊ वाटलं तर खाऊ दे. आन तू तिच्या ताटातलं खाऊ नको.

तुजी मावशी,
बायजा

*

पुणे,
१९ सप्टेंबर २०२५

मावशी,

चापट मिळाली. नऊ मोदक होते, अकरा नाहीत.

तू ज्या गोष्टीबद्दल विचारतेस ती माझीच आहे. प्लॅन मी लिहिलाय. गुपित काही नाही, सांगतो.

त्या हॉलमध्ये सात हॉस्पिटलांची माहिती आहे. कुठल्या पेशंटचा रक्तगट काय, कुणाला कुठलं औषध चालत नाही, सगळं. ती माहिती एका बाजूच्या कपाटांत साठवलेली असते आणि मशीनं दुसऱ्या बाजूला. मशीन दर क्षणाला कपाटातून काहीतरी मागतं. त्या मागण्यासाठी वेगळा रस्ता आहे, त्याच तुझ्या डोक्यावरच्या नारंगी केबली. बाकीचं बोलणं-चालणं फरशीखालच्या केबलींवरून जातं. त्याला इथरनेट म्हणतात.

आता ठरलंय की दोन रस्ते नकोत. साठवणीची वाहतूकही खालच्या इथरनेटवरून न्यायची. अडचण एकच. इथरनेटवर गर्दी झाली की एखादा तुकडा खाली पडतो, आणि साठवणीला ते चालत नाही. म्हणून तिला वेगळी लेन द्यायची, आणि पुढे गर्दी झाली तर मागच्याला "थांब" सांगायचं. हे सगळं आम्ही दोन महिने तपासलंय.

खाली 'अ' आणि 'ब' अशा दोन वाटा आहेत. 'अ' हॉलच्या पश्चिमेकडून, 'ब' पूर्वेकडून. एक तुटली तर दुसरी सगळा भार घेते. त्यामुळे भीती नाही.

१६ नोव्हेंबरला रविवारी दुपारी वाहतूक खाली आणायची. आठ दिवस बघायचं, आणि सोमवारी २४ तारखेला वरच्या नारंगी केबली उतरवून टाकायच्या. ते काम संतोषदादालाच मिळालंय.

रिया बरी आहे. डॉक्टरांनी तिला उठू नको म्हणून सांगितलंय, त्यामुळे मी घर सोडून कुठं जात नाही.

साईराज

*

कुंभिवली,
२६ सप्टेंबर २०२५

साया,

पत्र दोनदा वाचलं. पयल्यांदा कळलं नाय, दुसऱ्यांदा जास्तच कळलं.

म्हंजे लग्नाच्या मांडवात वाढप्यांची वाट येगळी असती आन पाव्हण्यांची येगळी, तसं होतं. आता तू म्हणतोस, भाताची परात घेतलेला वाढपीबी पाव्हण्यांच्याच दारातनं आत येईल, फक्त त्याच्यासाटी बाजूला दोरी बांधू. आन पुढं गर्दी झाली की ओरडायचं, थांब रं. मला येक सांग. पुढच्यानं मागच्याला थांब म्हटलं, त्यानं त्याच्या मागच्याला, तर शेवटी आचाऱ्यापातूर सगळेच परात घेऊन उभे ऱ्हातील का नाय? पंगत उपाशी.

हसू नको. मी वाढलंय पाचशे पानांना, तू वाढलंयस का?

पण दारं दोन असली तर चालंल, हे खरं. म्हणून इचारते, ती पूर्वेची वाट तू डोळ्यानं बघितलीस का? का नकाशातच?

त्या कोपऱ्यात आधी काय होतं, आठवतं तुला? सेंटर व्हायच्या आधी तितं आपली शीव होती. शिवेवर चेडोबाचा, आपल्या राखणदार देवाचा, दगड. तू सात वर्सांचा असताना त्याच्यामागं मुतलास आन घरी येऊन तापानं फणफणलास. विमल, तुजी आई, नारळ घेऊन धावत आली होती. मी हसले होते तवा. तुज्या काकानं, माज्या नवऱ्यानं, धाकलूनं, जमीन सपाट करायला आलेल्या मशीनवाल्यांच्या सांगण्यावरनं तो दगड उचलून ओढ्याकाठी नेऊन ठेवला. तवापासनं मी हसत नाय.

सहज आठवलं म्हणून लिवलं. तू तुजं काम कर.

मावशी

*

पुणे,
३ ऑक्टोबर २०२५

मावशी,

तू बदलणार नाहीस. लहानपणी मी जेवलो नाही की चेडोबा खिडकीत आलाय म्हणायचीस, आता मी तिशीचा झालो तरी तोच चेडोबा. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बायजी अजून पोराला घाबरवतेय."

पंगतीचं मात्र तू बरोबर ओळखलंस. सगळे थांबून बसायचा धोका खराच आहे. त्यासाठी आम्ही वेळ ठरवलीय. कोणी ठरल्यापेक्षा जास्त "थांब" म्हणत बसला तर त्याचं ऐकायचंच नाही. माझ्या साहेबांना तुझं उदाहरण सांगितलं, ते खूश झाले.

आणि वाटेचं म्हणशील तर बघितलीय. मी येणार होतो, पण रियामुळे जमलं नाही. संतोषदादाने केबली ठेवायच्या दोन्ही ट्रेचे फोटो पाठवले, पश्चिमेचा आणि पूर्वेचा. छान सरळ टाकल्यात केबली. तपासणीच्या कागदावर सही करून टाकली.

दसऱ्याचं सोनं पत्रातून पाठवतो. दोनच पानं आहेत, जास्तीचा लोभ नको.

साईराज

*

कुंभिवली,
२८ ऑक्टोबर २०२५

साईराज,

सोनं पोचलं. दिवाळीबी झाली. तुज्या आईच्या करंज्या पोचल्या, सारणाला हात आखडता घेतलान तिनं, सांग तिला.

भातकापणी चालू झाली. औंदा पीक बरं हाय. शेतं मोकळी झाली की घुशी बाहेर पडतात, दर सालाचं हाय ते. मांजरायवढाल्या असतात. शेतात खायला उरलं नाय की घरात शिरतात, कणगी पोखरतात. हे तुला पुण्याला बसून ठावं नसंल.

परवा पश्चिमेच्या भिंतीकडं फरशी उचलली. आमाला रबराच्या वाट्यांचं हँडल दिलंय, ते चिकटवून चौकोन उचलायचा आन खालची धूळ मशीननं ओढायची. तितं लेंड्या दिसल्या. उंदराच्या नव्हत्या. मी संतोषला दाखवल्या तर त्यानं हातानं झाडून टाकल्या आन म्हणाला, "कुणाला बोलू नको, औषध ठेवतो."

तुला येक इचारते, मस्करी नाय. समज, 'अ' आन 'ब' दोन्ही वाटा येकाच जागेवरनं जात असल्या, तर काय होईल? नुसतं समज.

मावशी

*

पुणे,
१ नोव्हेंबर २०२५

मावशी,

नुसतं समज म्हणतेस म्हणून नुसतं समजून सांगतो.

आज दोन्ही तुटल्या तर बोलणं-चालणं बंद पडेल, ओरडा होईल, पण साठवण वरच्या नारंगी केबलींवर आहे, ती शाबूत राहील. चोवीस तारखेनंतर वर काहीच नसेल. तेव्हा दोन्ही तुटल्या तर मशीनं बंद पडणार नाहीत, त्याहून वाईट होईल. दिवे लुकलुकत राहतील, पंखे फिरत राहतील आणि मशीनांना आपली साठवण सापडणार नाही. डॉक्टर पेशंटचं नाव टाकेल आणि पडदा तसाच राहील. टेबलावर माणूस असेल आणि त्याला कुठलं रक्त द्यायचं ते कुणाला दिसणार नाही. दुसऱ्या गावात आपली जादा प्रत आहे, पण तिच्यावर यायला चार तास लागतात.

म्हणून तर वाटा दोन आहेत. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. माझ्याकडे फोटो आहेत.

तू असं का विचारतेस? संतोषदादा काही बोलला का? मी त्याला फोन केला, त्याने उचलला नाही. घुशीचं मी आसावरी मॅडमना कळवू का? स्पष्ट लिही. चेडोबा नको.

साईराज

*

कुंभिवली,
६ नोव्हेंबर २०२५

साईराज,

स्पष्ट लिवते. चेडोबा नको म्हणतोस, पण त्याच्याबिगर हे सांगता येत नाय.

पूर्वेला वाट नाय. तितं केबल नाय, ट्रे नाय, भिंतीला भोकबी नाय. 'अ' आन 'ब' दोन्ही पश्चिमेच्याच ट्रेत हाईत, येक डावीकडं, येक उजवीकडं, मधी माज्या चार बोटांयवढी जागा. तुला आलेले दोन फोटो येकाच ट्रेचे हाईत, येक ह्या टोकानं काढलेला, येक त्या टोकानं. नीट बघ. दोन्हीत खांबावर चुन्याचा तोच ओघळ हाय.

पण संतोषवर डाफरू नको. हे मी केलंय.

चार वर्सांमागं त्याला हे काम लागलं तवा तुज्या काकाला जाऊन तीन म्हयने झाले होते. दगड हलवला आन वर्साच्या आत गेला. डॉक्टर म्हणाला कावीळ. असंल. मला तवा कावीळ दिसत नव्हती, मला त्याच्या हातातला दगड दिसत होता. संतोष कागद घेऊन घरी आला, म्हणाला, "आई, पूर्वेच्या कोपऱ्यात भिंत फोडायची हाय." मी त्याचा हात माज्या डोक्यावर ठेवला, त्याला शपथेची आन घातली. त्या कोपऱ्यात तू ड्रिल लावलास तर माजं मेलेलं तोंड बघशील. सखा आन पदू, त्याच्या गँगचे, ते तर आधीच भ्यालेले. त्यांनी सगळी केबल पश्चिमेला टाकली आन कागदावर पूर्व लिवली. मला वाटलं, केबलच ती, इकडनं गेली काय आन तिकडनं गेली काय. वायर म्हंजे कपडे वाळत घालायची दोरी, येवढंच माजं ज्ञान.

तुज्या पयल्या पत्रानं मला कळलं की मी काय करून ठेवलंय. तवापासनं आडून आडून सांगत होते. तुला मस्करी वाटली. चूक तुजी नाय, मी जलमभर मस्करीच केली.

घूस येकटी नाय. आवाज मला येत नाय, पण फरशीवर हात ठेवला की कळतं.

आता तू थांबव. काय म्हणून थांबवायचं ते तू ठरव. फक्त संतोषची भाकरी जाऊ देऊ नको, येवढं जमलं तर बघ.

बायजा

*

पुणे,
१० नोव्हेंबर २०२५

मावशी,

तुझं पत्र बाथरूममध्ये जाऊन वाचलं. फोटो उघडून बघितले. चुन्याचा ओघळ तोच आहे.

आता शांतपणे ऐक. तपासणीच्या कागदावर जे छापलंय त्याच्या खाली माझी सही आहे, "मी स्वतः जागेवर जाऊन दोन्ही मार्ग पाहिले." मी गेलोच नव्हतो. हे बाहेर आलं तर संतोषदादा जाईल आणि त्याच्याबरोबर मीही जाईन. रियाच्या बाळंतपणाची तारीख पंचवीस दिलीय.

मी काल साहेबांना म्हणालो, केबली उतरवायचं महिनाभर पुढे ढकलूया. त्यांनी विचारलं, का? म्हणाले, "तुझाच प्लॅन, तूच घाबरतोस?"

म्हणून असं करायचं. वाहतूक खाली येऊ दे. नारंगी केबलीही उतरू देत. जानेवारीत मी येतो, दुरुस्तीच्या नावाखाली संतोषदादाला घेऊन पूर्वेला भोक पाडतो आणि 'ब' तिकडे नेतो. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. चार वर्षं काही झालं नाही, दोन महिन्यांत काय होणार? घुशींना औषध ठेवायला सांग, जास्त ठेवायला सांग.

आणि दादाला घातलेली शपथ तू मागे घे. तेवढं तुझ्या हातात आहे.

हे पत्र वाचून जाळ. माझ्याकडचं तुझं मी जाळलं.

साईराज

*

पुणे,
१७ नोव्हेंबर २०२५

मावशी,

तुझं उत्तर नाही, पण मला राहवलं नाही म्हणून लिहितोय.

काल झालं सगळं. दुपारी सव्वा वाजता साठवणीची वाहतूक खाली आणली. एक तुकडा पडला नाही. सातही हॉस्पिटलांना कळलंसुद्धा नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. आसावरी मॅडमनी फोन केला, पहिल्यांदा हसताना ऐकलं त्यांना.

बघितलंस? काही होत नाही. आता फक्त चोवीस तारीख.

रिया विचारतेय, मावशीने नावं सुचवली का. तू गप्प राहिलीस की मला भीती वाटते. दोन ओळी तरी लिही. शिवी दे हवी तर.

साईराज

*

सेंटर, कुंभिवली,
२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार, सकाळ

साया,

शिवी नंतर देते. आज घाई हाय.

तुजं जाळ म्हणलेलं पत्र मी जाळलं नाय. चुलीपातूर नेलं होतं. पण म्हटलं, आधी ती घातलेली आन परत घ्यावी. काल सकाळी संतोषला घेऊन ओढ्याकाठी गेले, चेडोबाच्या दगडाफुडं त्याला उभं केलं आन म्हटलं, सोडली आन. तू भिंत फोड, मी मरत नाय. संतोष म्हणाला, "आता फोडून काय, आई? भिंत फोडली तर आधी का नव्हती फोडली ते सांगावं लागंल." मी म्हटलं, मंग सांग. तो म्हणाला, "तू माज्या पोटावर पाय देतेस." मी म्हटलं, हो. घरी येऊन जेवला नाय. मीबी नाय.

तुला वाटंल, येवढ्यानं मावशी भ्याली. तसं नाय. आज सकाळी सात वाजता आले आन पयल्यांदा पश्चिमेची ती फरशी उचलली. औषध तसंच पडलंय, शिवलंबी नाय कुणी. ट्रेच्या बुडाशी घरटं हाय. निळ्या सालींचं. केबलीची सालं कुरतडून कुरतडून मऊ गादी केलीय आन तिच्यात सहा पिल्लं, डोळे मिटलेली. 'अ' च्या बाजूच्या नऊ केबली उघड्या पडल्यात. 'ब' च्या पाच. मी मोजल्या, मंग परत मोजल्या. आतली काचेची तार अजून धड हाय, केसायवढी. वरचे सगळे दिवे हिरवे हाईत. कुणाला काय कळायचं?

तू लिवलंस, दोन म्हयन्यांचा प्रश्न हाय. आई घरट्यात नव्हती रं. ती परत येणार, आन तिला अजून साल लागणार, पिल्लं वाढतात.

आन त्या सात दवाखान्यांत आज कुणाचीतरी रिया असंल.

नारंगी केबली अजून वर हाईत. अकरा वाजता सखा आन पदू शिडी लावणार, तवर त्या हाईत. म्हंजे तुमची साठवण आजच्या आज परत वर नेता येते, हे तुज्याच पत्रावरनं मला कळलं. शाना हायस, समजावून चांगलं सांगतोस.

आमच्या साफसफाईची येक वही असते, भिंतीला दोरीनं टांगलेली. काय पुसलं, काय तुटलेलं दिसलं, ते लिवायचं. दहा वाजता आसावरी मॅडम ती वाचतात, रोज, न चुकता. मी रोज लिवते, "सर्व ठीक." आज लिवलं ते तुला हितं उतरून देते, म्हंजे तुला दुसऱ्याकडनं कळायला नको:

"पश्चिम भिंत, खांब चारजवळची फरशी उघडी ठेवली हाय, बंद करू नये. खाली घुशीनं चौदा केबली सोलल्या. 'अ' आणि 'ब' दोन्ही हितंच हाईत. पूर्वेला कायच नाय, भिंत फोडून बघावं. नारंगी केबली उतरवू नयेत. पूर्वेला केबल टाकू नको असं माज्या मुलाला मी सांगितलं होतं, त्याच्या बापाच्या मरणावरनं. कागदावर सही करणारा माजा भाचा, तो हितं आला नव्हता. दोघांनाबी हे ठावं हाय. बायजा धाकलू, साफसफाई."

तुजं नाव घालायचं नव्हतं. पण तुला वगळलं असतं तर सगळं संतोषवर गेलं असतं, आन ते खोटं झालं असतं. तो माजा हाय, तूबी माजाच हायस. दोघांना सारखंच वाढलं.

पत्र तुला पोचंल तवर दोन-तीन दिवस झाले असतील. तोवर जे व्हायचं ते तुज्या दारात येऊन गेलं असंल, आन तुजं बाळबी आलं असंल. माज्याशी बोलू नकोस वाटलं तर बोलू नको. बाळाला मात्र माजं नाव सांग, लपवू नको.

मी उघड्या फरशीच्या कडेला बसून लिवतेय, कुणी बंद करू नये म्हणून. हात तितंच टेकलाय. खाली परत हालचाल लागली, ती आलीय. वरचे दिवे हिरवेच हाईत.

दहाला पाच कमी हाईत. सखानं शिडी आणून भिंतीला टेकवली. संतोष त्याच्यामागं उभा हाय, वहीकडं बघतोय, माज्याकडं नाय. दोरी सोडून घेऊन गेला असता तर कुणी अडवलं नसतं त्याला. नाय घेतली.

मॅडम आल्या.